हंगामी कारखाना, बारमाही फुफ्फुसं: खान्देशातल्या जिनिंगच्या हवेचा इतिहास कसा शोधायचा?

सारंगखेडा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर घोडे येतात. शहादा तालुक्यातल्या या तापीकाठच्या गावात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि लांबलांबच्या राज्यांतून घोड्यांचे व्यापारी येतात. या यात्रेवर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्याच दिवसांतली दुसरी गोष्ट बघायची आहे. मार्गशीर्ष-पौष हा खान्देशात कापसाचा भर हंगाम. यात्रेत घोड्यांच्या टापांनी धूळ उडत असते, तेव्हा आसपासच्या गावांतला कापूस गाड्यांत भरून जिनिंगला चाललेला असतो. तिथे बंद शेडमध्येही धूळ उडत असते, आणि ती बघायला कुणी येत नाही.

प्रश्न साधा आहे. गेल्या दीडशे वर्षांत खान्देशातल्या जिनिंगमध्ये काम करणाऱ्या बायामाणसांनी कोणती हवा छातीत घेतली, याचा इतिहास लिहिता येईल का? हवेचे कागदपत्र नसतात. मग इतिहासकाराने सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर असं: कायद्यातल्या व्याख्येच्या कलमापासून. पीएच.डी.ची तयारी करणाऱ्यांना हे कलम सगळ्यांत रटाळ वाटतं आणि ते ओलांडून पुढे जायचा मोह होतो. पण या विषयात सगळी मेख तिथेच आहे.

आधी शेड समजून घेऊ

वेचलेल्या कापसात रुई आणि सरकी एकत्र असतात. त्या वेगळ्या करणं म्हणजे जिनिंग, आणि रुई दाबून गाठी बांधणं म्हणजे प्रेसिंग. पूर्वी हे काम हातचरकीवर घरोघरी चालायचं. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, त्यामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास खान्देशात रेल्वे पोचली. वाफेवर चालणारी जिनं आणि प्रेस आले, ते साहजिकच रेल्वेच्या आसऱ्याने. पुढे सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरमार्गे जळगावला जोडणारी तापी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास पुरी झाली, तेव्हा पश्चिम खान्देशातला कापूसही त्या जाळ्यात आला.

ही यंत्रं मुख्यतः रोलर जिनं होती. मॅकार्थी नावाच्या अमेरिकन माणसाने १८४० मध्ये ज्याचं पेटंट घेतलं, त्याच घराण्यातली. चामड्याचा रोलर रुईचे तंतू ओढून घेतो आणि पात्याला अडलेली सरकी खाली पडते. एका लांब शेडमध्ये अशी जिनं ओळीने मांडलेली असत आणि त्यांपुढे बसून किंवा उभं राहून हाताने कापूस घालायचं काम बहुतेक बायकांकडे असे.

आता या शेडमधली हवा. कापसासोबत वाळलेला पाला, बोंडाच्या सालीचे तुकडे, माती, बुरशी, जिवाणू असं सगळंच येतं. यंत्र फिरलं की ते सुटं होऊन हवेत जातं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्याची खूण मोठी विचित्र आहे. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी होते, पुढच्या दिवसांत थोडं हलकं वाटतं, आणि अशी वर्षं गेली की दम कायमचा लागतो. वनस्पतीच्या तुकड्यांवरच्या जिवाणूंतून सुटणारं एन्डोटॉक्सिन हे यामागचं एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. शिवाय आपल्याकडच्या रोलरांचं चामडं क्रोम वापरून कमावलेलं असे. ते झिजलं की क्रोमियमची पूडही धुळीत मिसळते. म्हणूनच गेल्या काही दशकांत क्रोमविरहित रोलर बनवण्यावर आपल्याकडे संशोधन झालं.

म्हणजे हवा वाईट होती, हे आज सांगता येतं. प्रश्न असा, की त्या काळी हे कुणी नोंदवलं का नाही?

१८८१ : शंभर माणसं, चार महिने

भारतातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. पाठ्यपुस्तकात आपण त्याची एक ओळ वाचतो: सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी, बारा वर्षांखालच्यांना नऊ तासांची मर्यादा. परीक्षेला तेवढं पुरतं. संशोधनाला पुरत नाही. या कायद्याने 'कारखाना' कशाला म्हटलं ते बघा. यंत्रशक्ती हवी, किमान १०० माणसं हवीत, आणि वर्षातून चार महिन्यांहून जास्त काम चालायला हवं.

आता खान्देशातलं एखादं छोटं जिन डोळ्यांसमोर आणा. शंभर माणसं? बऱ्याच ठिकाणी नाहीत. चार महिने? हंगाम संपला की कुलूप. म्हणजे जिथे यंत्र आहे, धूर आहे, धूळ आहे, मजूर आहेत, ती जागा कायद्याच्या भाषेत कारखानाच नाही. कारखाना नाही म्हणून निरीक्षक नाही, आणि निरीक्षक नाही म्हणून अहवाल नाही. आज अभिलेखागारात जिनिंगची फाईल मिळत नाही, त्याचं एक कारण या एका वाक्यात आहे.

तरीही एका खिडकीतून आत डोकावता येतं. १८८४-८५ मध्ये मुंबई सरकारने फॅक्टरी कमिशन नेमलं. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं, ते याच कमिशनपुढे. लोखंड्यांची गोष्ट आपल्याला माहीत असते. पण याच कमिशनपुढे खान्देशातल्या जिनिंगबद्दलही साक्ष झाली. पहाटे चार-पाचला दारं उघडायची आणि रात्री दहाला काम थांबायचं. मजुरी तीन-चार आणे. काही ठिकाणी तेच बाईमाणूस आठआठ दिवस रात्रंदिवस कामावर, आणि ते पार गळून गेले की नवे मजूर लावायचे. इतके तास काम करणारे पुष्कळदा मरत, असंही त्या साक्षीत आलं आहे.

ही साक्ष वाचताना संशोधक म्हणून दोन गोष्टी टिपून ठेवा. पहिली, बोलणारा मजूर नाही. अशा कमिशनांपुढे बहुतेक वेळा मालक, व्यवस्थापक, डॉक्टर, अधिकारी बोलतात. दुसरी, मोजलं काय गेलं? तास आणि आणे. मरण सांगितलं गेलं, पण मरणाचं कारण म्हणून धुळीचं नाव नाही. जास्त तास म्हणजे जास्त धूळही, हा हिशोब आपल्याला आज मांडावा लागतो. तो आपला अन्वयार्थ आहे, कागदावरचा पुरावा नाही. प्रबंधात या दोहोंमधली रेघ स्पष्ट दिसली पाहिजे.

१८९१ च्या दुरुस्तीत माणसांचा आकडा १०० वरून ५० वर आला आणि बायकांना दिवसाला ११ तासांची मर्यादा लागली. पण १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनला जिनिंगमध्ये बायका हंगामाच्या भरात सतरा-अठरा तास राबताना आढळल्या. मग १९११ च्या कायद्याने चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे हंगामी कारखाने आत घेतले. त्याच कायद्याने बायकांच्या रात्रीच्या कामावर बंदी आणली, पण जिनिंग-प्रेसिंगला त्यातून सूट दिली. एका हाताने दार उघडलं, दुसऱ्याने अर्धं लोटून घेतलं.

ज्या हवेचं मोजमाप झालं

कुणी म्हणेल, त्या काळी हवा मोजायची पद्धतच नसेल. तसं नाही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने कापड गिरण्यांमधल्या दमटपणावर खास चौकशी करवली. टी. मॅलोनी यांचा त्यावरचा अहवाल १९२३ मध्ये आला. विणकाम खात्यात सूत तुटू नये म्हणून हवेत वाफ सोडली जायची. त्या उकाड्यात कामगाराचं काय होतं, हे बघण्यासाठी कोरड्या आणि ओल्या गोळ्याचे तापमापक लावून नोंदी घेतल्या गेल्या. पुढे १९४८ च्या कायद्यात कृत्रिम दमटपणावर स्वतंत्र कलम आलं.

इथे थांबून तुलना करा. गिरणीची हवा मोजली गेली, कारण दमटपणावर सुताचं नशीब अवलंबून होतं. हवा हा तिथे कच्च्या मालाचाच भाग होता. शिवाय गिरणी बारमाही, शहरात, संघटित कामगारांची आणि वर्तमानपत्रांच्या नजरेसमोरची. जिनिंगच्या हवेवर मालाचं तसं काही अडलेलं नव्हतं. धूळ रुईला नको होती, पण ती रुईतून निघून हवेत गेली की व्यापाऱ्याचा प्रश्न सुटत होता. मजुराचा प्रश्न तिथून सुरू होत होता. म्हणून 'मापनाची साधनं होती का' एवढंच विचारून थांबू नका. ती साधनं कुठल्या दारातून आत गेली आणि कुठल्या दारातून गेली नाहीत, हेही बघा.

एक यादी, जी पुसली आणि उरलीही

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दुवा हा आहे.

१९३४ च्या फॅक्टरी कायद्याने कारखान्यांचे दोन वर्ग केले: बारमाही आणि हंगामी. हंगामीची चक्क यादी दिली. तिच्यात पहिलं नाव कापूस जिनिंगचं. पाठोपाठ कापूस आणि तागाचं प्रेसिंग, भुईमुगाच्या शेंगा फोडणं, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर-गूळ, चहा वगैरे. बारमाहीला आठवड्याला ५४ तास, हंगामीला ६०. म्हणजे 'हंगाम' हे जास्त राबवण्याचं कायदेशीर कारण झालं.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा फॅक्टरी कायदा आला आणि त्याने हा भेद काढून टाकला. यंत्रशक्ती असेल तर १० माणसं, नसेल तर २०, मग हंगाम असो वा नसो. त्याच्या तिसऱ्या प्रकरणात स्वच्छता, खेळती हवा, तापमान, गर्दी, उजेड यांची कलमं होती. चौदावं कलम तर थेट धुळीचं: धूळ जिथे निघते तिथेच, तिच्या उगमाशी, शोषून घेण्याची व्यवस्था करा. आज आपण ज्याला इंडस्ट्रियल हायजीन म्हणतो, त्याचं हे पहिलं तत्त्व. कामगाराच्या तोंडाला फडकं बांधण्याआधी यंत्राला तोंड बांधा. पुढे बिसिनोसिस हा या कायद्याखालच्या सूचनापात्र आजारांच्या यादीतही आला.

इथे वाचणारा सुटकेचा श्वास टाकतो. पण १९४८ मध्येच दुसरा एक कायदा झाला होता, कर्मचारी राज्य विम्याचा. आजारपणात वैद्यकीय उपचार, बुडालेल्या पगाराची भरपाई, व्यवसायजन्य आजारासाठी लाभ, हे सगळं देणारा. तो सर्व कारखान्यांना लागू होता, 'हंगामी कारखाने सोडून'. आणि हंगामी म्हणजे कोणते? यादी वाचा: कापूस जिनिंग, कापूस किंवा तागाचं प्रेसिंग, भुईमुगाच्या शेंगा फोडणं... एका कायद्यातून पुसलेली यादी शेजारच्या कायद्यात तशीच बसलेली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही राज्य विम्यातून हंगामी कारखाना वगळलेलाच आहे.

शहाद्याजवळ सहकारी सूतगिरणी आहे. जिनिंगमधून निघालेली रुई पुढे अशाच गिरण्यांमध्ये जाते. कापूस तोच, शेतं तीच, धुळीचं कूळही तेच. पण या कायद्यांच्या नजरेत सूतगिरणीतल्या कामगाराची छाती बारमाही आणि जिनिंगमधल्या बाईची हंगामी.

मग तिच्यासाठी काय उरत होतं? भरपाईचा जुना, १९२३ चा कायदा. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टाच्या 'क' भागात कापसाच्या धुळीचा आजार होता. पण या भागातल्या आजारांसाठी अट होती ती ठरावीक काळ सलग नोकरीची. चार महिने जिनिंग, मग दुसरं काम, पुढच्या वर्षी दुसरं जिन आणि दुसरा ठेकेदार, असं जिचं आयुष्य आहे, तिने 'सलग' कुठून सिद्ध करायचं?

हा प्रश्न फक्त खान्देशाचा नाही

अमेरिकेत १९७८ मध्ये कापसाच्या धुळीसाठी कडक मर्यादा ठरली. सूत कातण्याच्या विभागात एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २०० मायक्रोग्रॅम. त्या नियमाने तिथल्या गिरण्यांचं रूप पालटलं. जिनिंगसाठीही नियम केला होता, पण टेक्सासमधले जिनवाले न्यायालयात गेले आणि १९८० मध्ये तो रद्द झाला. न्यायालयाचा तर्क असा, की पुरावा बारमाही गिरण्यांमधला आहे. हंगामी कामाला तो लावता येत नाही. आजही त्या नियमाच्या व्याप्तीतून जिनिंग वगळलेलं आहे.

हा तर्क सरसकट फेटाळू नका. शास्त्रीयदृष्ट्या त्यात तथ्य आहे. जिनिंगची धूळ आणि कार्डिंगची धूळ सारखी नसते, सूक्ष्म कणांचं प्रमाण वेगळं असतं, आणि मोकळ्या महिन्यांत फुफ्फुसं सावरतातही. पण त्यातलं गृहीतक बघा. हंगाम संपल्यावर कामगार धुळीबाहेर जातो, असं ते आहे. कारखान्याला कुलूप लागतं, हे खरं. कामगार कुठे जातो?

नंदुरबारला जा. तिथला मिरचीचा बाजार देशातल्या मोठ्या बाजारांपैकी एक. शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात. मिरची वाळवणं, निवडणं, देठ खुडणं हे काम बहुतेक बायकांचं, त्यात आदिवासी बाया मोठ्या संख्येने. ठसका हा तिथला रोजचा सोबती. जिल्ह्यातली कित्येक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. म्हणजे एकाच बाईच्या वर्षात कापसाची, मिरचीची, उसाच्या पाचटाची धूळ पाठोपाठ येऊ शकते. प्रत्येक काम स्वतंत्रपणे हंगामी आहे. तिचा श्वास मात्र बारमाही आहे. आणि कायदा काय किंवा वैद्यकीय सर्वेक्षण काय, एका वेळी एकच जागा बघतात. शिवाय जिला दम लागू लागला ती पुढच्या हंगामाला येतच नाही, त्यामुळे सर्वेक्षणात उरलेल्या बाया धडधाकट दिसतात. रोगपरिस्थितीविज्ञानात याला 'निरोगी कामगार परिणाम' म्हणतात. संशोधन पद्धतीच्या पेपरला तो पाठ केला असेल, तर त्याचा खरा अर्थ इथे आहे.

मग पुरावा गोळा कसा करायचा?

या विषयावर, किंवा वीटभट्टी, राइस मिल, गूळ गुऱ्हाळ अशा कुठल्याही हंगामी कामावर संशोधन करायचं असेल, तर मला उपयोगी वाटणारे चार मुद्दे.

एक, आकड्यांचा तक्ता आधी करा. आपल्या उदाहरणात यंत्रशक्तीच्या कारखान्यासाठी १८८१ ला १००, १८९१ ला ५०, १९२२ ला २०, १९४८ ला १०, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत पुन्हा २०. प्रत्येक आकड्याखाली एक प्रश्न लिहा: या वर्षी कोण आत आलं, कोण बाहेर पडलं? १३९ वर्षांनी आकडा पहिल्यांदा उलटा फिरला, हे तक्ता केल्याशिवाय जाणवत नाही.

दोन, 'नोंद नाही' म्हणजे 'घडलं नाही' असं समजू नका आणि 'घडलंच असेल' असंही समजू नका. नोंद का नाही, ते दाखवा. कायद्याने वगळलं म्हणून, निरीक्षक पोचला नाही म्हणून, की फाईल नष्ट झाली म्हणून? तीन वेगळी कारणं, तीन वेगळे निष्कर्ष.

तीन, आडवाटेने शोधा. १८८० चं खान्देश गॅझेटियर, रेल्वेच्या मालवाहतुकीच्या नोंदी, आगीचे आणि विम्याचे खटले, यंत्रांची जाहिरातपत्रकं, शेडचे नकाशे. शेडला खिडक्या किती, छत किती उंच, जिनांच्या रांगांत अंतर किती, हे नकाशातून कळलं तर हवेबद्दल बरंच बोलता येतं.

चार, मुलाखत घेताना महिन्यांनी विचारू नका, सणांनी विचारा. 'जानेवारीत काय करत होतात?' याला उत्तर मिळत नाही. आखाजीला कुठे होता, पोळ्याला कुठे, दिवाळीनंतर कुणाच्या जिनात, दत्ताच्या यात्रेला सुट्टी मिळायची का, होळीला गावी कधी आलात, असं विचारलं की वर्ष आपोआप उलगडतं. तेही अहिराणीत, भिलीत, पावरीत, जी त्यांची भाषा असेल तिच्यात. इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला 'तू काम काय करतोस?' हा प्रश्न विचारायचा, असं त्याने वैद्यांना सांगितलं. हंगामी कामगाराच्या बाबतीत त्यात एक भर हवी: 'आणि त्याच्या आधी काय करत होतास, नंतर काय केलंस?'

अशा दहा-वीस बायांची बारा महिन्यांची दिनदर्शिका कुणी नीट लिहून काढली, तर ती फक्त प्रबंधाचं परिशिष्ट राहणार नाही. 'सलग नोकरी' या शब्दाचा अर्थ एका मालकाकडची नोकरी असा घ्यायचा की धुळीतला सलग काळ असा, हा वाद ज्या दिवशी धोरणात किंवा न्यायालयात उभा राहील, त्या दिवशी असा कागद लागेल. आज तो कुठल्याही फाईलमध्ये नाही. सारंगखेड्याच्या आसपासच्या गावांत तो अजून आठवणींत आहे. हातजिनापुढे बसलेल्या बाया आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, आणि बऱ्याच जिनांमध्ये कापूस आता पंख्याच्या नळीतून जातो. तुमच्यापैकी कुणाचं गाव त्या बाजूला असेल, तर हा विषय अडवून ठेवायला माझी हरकत नाही. उलट लवकर सुरुवात करा.